अण्णांच्या पटावरचा एकशे सदतीस

अण्णा माणसांना नावानं नाही, टोकन नंबरानं ओळखत. कन्नड मुलखातल्या पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात मी रुजू झाले त्या सकाळी त्यांनी माझ्या हातात पितळेचा एक बिल्ला ठेवला. त्यावर दोनशे चार हा आकडा कोरलेला होता. त्या दिवसापासून मी दोनशे चार झाले. डबा खाल्लास काय दोनशे चार, आज उशीर केलीस दोनशे चार. मालकांना ते समोर साहेब म्हणत आणि मागे 'एक'. यात टवाळी कुठेही नव्हती. नाव काय, कुणीही कुणाला ठेवतं, नंबर मात्र एकाचा एकच असतो, असं त्यांचं म्हणणं.

मी नागपूरहून नुकतीच आलेली, पहिलीच नोकरी. कारखाना लहान. खाली लेथ आणि मिलिंगची यंत्रं, वर लोखंडी जिन्यानं गेलं की पत्र्याच्या छताखाली पाच संगणकांची खोली. यंत्रांना चालवणारे प्रोग्रॅम लिहिणं हे माझं काम. अण्णा मूळचे निपाणीकडचे. वीस वर्षं ते फाटकाजवळच्या खोपट्यात टाइमकीपर होते. हजेरी संगणकावर गेली तेव्हा सगळ्यांना वाटलं, म्हातारा आता गावी जाणार. पण ते राजाजीनगरच्या एका क्लासला जाऊन बसले, पोरांच्या रांगेत, आणि सहा महिन्यांनी वर आमच्या खोलीत आले. हजेरीचा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला. चप्पल बाहेर काढल्याशिवाय ते संगणकाला हात लावत नसत, आणि मलाही लावू देत नसत.

त्यांच्या जुन्या हजेरीबुकांचं एक कपाट होतं. एकदा त्यांनी ते मला उघडून दाखवलं. वीस वर्षांची पानं, निळ्या शाईतली बारीक अक्षरं, आणि कुठेही खाडाखोड नाही. एकही नाही. "बघून घे," ते म्हणाले. "आहे तो आहे, नाही तो नाही. मधलं काही नसतं." हे वाक्य ते दिवसातून दोनतीनदा तरी म्हणत.

अशा माणसाचा मारामारीच्या खेळाशी संबंध यायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण त्या वर्षी सगळ्या कंपन्यांना सन दोन हजार लागताच संगणक बंद पडतील अशी धास्ती होती, आम्हीही जुने प्रोग्रॅम तपासत बसलो होतो, आणि कुणीतरी विरंगुळा म्हणून एक सीडी आणली. परदेशातल्या कुणी तरी बनवलेला खेळाचा नुसता सांगाडा होता तो, फुकट वाटलेला. त्यात लढणारी माणसं आपली आपण घालायची. एकेका माणसाचं एकेक फोल्डर, त्यात त्याच्या उभं राहण्याची, चालण्याची, मारण्याची, पडण्याची चित्रं. आणि कोण कोण खेळात आहे त्याची यादी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. यादीत नाव आहे आणि फोल्डर नाही असं झालं, किंवा एक स्वल्पविराम चुकला, की सगळा खेळच बंद पडायचा.

खोलीतली पोरं जेवणाच्या सुट्टीत खेळायची. अण्णांनी खेळाकडे ढुंकून पाहिलं नाही. त्यांनी ती यादी पाहिली. बराच वेळ पाहिली आणि मग रागानं म्हणाले, "ही काय हजेरी झाली? कोण आलंय, कोण नाही, बघणारा कुणीच नाही होय याला?"

दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले. दोन महिने, जेवणाची सुट्टी आणि पाळी सुटल्यावरचा एक तास, ते त्या खेळासाठी हजेरीपट बनवत होते. डावीकडे संगणकात सापडलेली सगळी माणसं, उजवीकडे निवडीच्या चौकटी. माणूस उचलायचा, चौकटीत ठेवायचा. यादी प्रोग्रॅम आपोआप लिहिणार. आणि एक तपासणीचं बटण होतं, ते दाबलं की प्रोग्रॅम एकेकाच्या फोल्डरात जाऊन सगळी चित्रं जागेवर आहेत का ते बघायचा आणि खाली मोजून सांगायचा: हजर इतके, गैरहजर इतके, अपूर्ण इतके. चौकटी मी आखून दिल्या, कारण अण्णांना रंगांचं आणि आकारांचं अंग नव्हतं. बाकी सगळं त्यांचं. स्वतः ते एकदाही खेळले नाहीत. खेळ सुरू झाला की ते कळफलकावरून हात उचलून मांडीवर ठेवायचे.

प्रोग्रॅम तयार होत आला तेव्हा मी रोज तपासणी करून बघायचे. हजर एकतीस, गैरहजर शून्य, अपूर्ण एक. रोज तेच. अपूर्ण कोण म्हणून पाहिलं तर नावाच्या जागी नुसता आकडा होता, एकशे सदतीस. मी विचारलं, अण्णा, हा कोण, याची चित्रं पुरी करू का. ते म्हणाले, "असू दे. त्याला हात लावू नको." आणि लगेच दुसरं काहीतरी काढलं.

एक दिवस ते बँकेत गेलेले असताना मी एकशे सदतीसला चौकटीत ठेवला आणि खेळ सुरू केला. दुपारचा दीड वाजला असेल. खाली यंत्रं चालू होती.

बाकी सगळे लढवय्ये चितारलेले, भडक कपड्यांचे. हा खराखुरा माणूस होता. व्हिडिओवरून कापून काढलेला, कडा थोड्या फाटलेल्या. खाकी कपडे, बाह्या वर दुमडलेल्या, मिशी. पायातले बूट मागच्या बाजूनं दाबून चपलेसारखे घातलेले. तो उभा होता आणि श्वास घेत होता. छाती वर, छाती खाली. समोरच्याकडे पाहत, जरासा हसत. मी त्याला चालवला, तो चालला. एक कळ दाबली तर त्यानं मांडीवर शड्डू ठोकला. मग मी दुसऱ्या लढवय्याकडून त्याला एक जोराचा ठोसा मारला.

तो पडला नाही. तो नाहीसा झाला. पडद्यावर त्याच्या जागी काहीच नव्हतं, फक्त मागचं चित्र. मी दोनपर्यंत मोजलं असेल, तेवढ्यात तो पुन्हा होता तिथेच होता, उभा, श्वास घेत, तसाच हसत. मी पुन्हा मारलं. पुन्हा रिकामी जागा, पुन्हा तो. कारण साधं होतं, मला कळतही होतं. त्याच्या फोल्डरात पडण्याची चित्रंच नव्हती. तरी मी खेळ बंद केला.

खाली जाऊन मी एका जुन्या लेथवाल्याला विचारलं, एकशे सदतीस कोण. त्यानं यंत्र थांबवलं. मला बोटानं फाटकाजवळचा टोकनांचा फळा दाखवला. रोज सकाळी मी त्या फळ्यावरून माझा बिल्ला काढत होते, पण पाहिलं नव्हतं: एकशे छत्तीस आणि एकशे अडतीसच्या मधला खिळा रिकामा होता. तो म्हणाला, फिटर होता, वरून पडला, दोन वर्षं झाली. तो नंबर अण्णा कुणाला देत नाहीत. एवढं बोलून त्यानं यंत्र पुन्हा सुरू केलं.

अण्णांकडे मी विषय काढला नाही. पण त्यांना कळलं असावं, कारण दोन दिवसांनी त्यांनी आपणहून सांगितलं की ती चित्रं आयुधपूजेच्या व्हिडिओतली आहेत. मालकांनी नवा कॅमेरा आणला होता आणि पूजेनंतर अंगणात सगळे गंमत म्हणून कुस्ती खेळत होते. एकशे सदतीसला त्या दिवशी कुणी पाडू शकलं नाही. "म्हणून पडायची चित्रं नाहीत," ते म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यावरून वाटलं की हे चांगलंच आहे.

यानंतर जे झालं ते माझ्या हातून झालं. अण्णांचा प्रोग्रॅम बाहेरच्या जगाला द्यावा असं मला वाटत होतं. त्या खेळाचे वेडे जगभर होते आणि इंटरनेटवर एकमेकांना आपापली माणसं पाठवत होते. अण्णांनी सरी, म्हणजे बरं, म्हणून मान हलवली. प्रोग्रॅमबरोबर नमुन्याची माणसं द्यायची होती, हजर कसा दिसतो आणि अपूर्ण कसा दिसतो हे कळावं म्हणून. अपूर्ण आमच्याकडे एकच होता. मी विचारलं नाही. एकशे सदतीसचं फोल्डर मी इतरांबरोबर बांधलं आणि ऑफिसच्या मोडेमवरून पाठवून दिलं.

पत्रं यायला लागली. बहुतेक कौतुकाची. अण्णा ती माझ्याकडून वाचून घेत आणि प्रत्येकाला एक नंबर देऊन वहीत लिहून ठेवत. डिसेंबर लागला तेव्हा एक पत्र आलं, कुठल्या देशातून ते आता आठवत नाही. लिहिणाऱ्यानं म्हटलं होतं की तुमचा प्रोग्रॅम उत्तम, पण नमुन्यातला तो खाकी कपड्यांचा माणूस अर्धवट आहे हे बघवेना, म्हणून त्याची राहिलेली चित्रं मी काढली आहेत. सोबत फाइल होती.

शनिवारची दुपार. खिडकीतून ऊन थेट पडद्यावर येत होतं म्हणून अण्णांनी खिडकीचा पडदा ओढला. आमच्या दोघांशिवाय खोलीत कुणी नव्हतं. फोल्डर न विचारता पाठवल्याचं मला तेव्हाच सांगून थांबायला हवं होतं, पण मी फाइल उघडली. तपासणी केली. हजर बत्तीस, अपूर्ण शून्य. मग खेळ सुरू केला आणि त्याला मारलं.

तो पडला. हळू पडला, चित्रं बरीच होती. आधी मान मागे गेली, मग गुडघे. जमिनीवर आला तेव्हा उजवा हात अंगाखाली मुडपलेला होता. डावा हात लांब, तळवा वर. एका पायात बूट नव्हता. बूट थोड्या अंतरावर पडला होता.

अण्णांनी खुर्ची मागे सरकवली. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते उभे होते आणि भिंतीला टेकले होते. मग त्यांनी विचारलं, "कोण आहे हा? कुठं होता तो?"

मी म्हटलं, कोण? चित्र काढणारा? तो परदेशात आहे, अण्णा.

"मग त्याला हात कसा कळला?"

मग त्यांनी सांगितलं, उभ्यानंच. एकशे सदतीस पडला तेव्हा ते जिन्यावर होते. सगळ्यांत आधी तेच पोचले होते. अगदी असा हात अंगाखाली, अगदी असा दुसरा तळवा. बूट त्यांनी स्वतः उचलून त्याच्या पायाजवळ ठेवला होता. मी म्हटलं, बूट तर तो दाबूनच घालायचा, चित्रात दिसतंय, पडताना निघणारच असं कुणालाही सुचेल. ते म्हणाले, बुटाचं ठीक आहे. हाताचं काय ते सांग. मला सांगता आलं नाही. आजही येत नाही.

आणि मग जे त्यांनी दोन वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. त्या सकाळी तो फाटकाशी आला होता. अंगात ताप होता, डोळे लाल. अण्णा, आज घरी जाऊ द्या म्हणाला. अण्णांनी त्याच्या नंबरासमोर हजर लिहून टाकलं होतं. शाई वाळलेली होती. संध्याकाळी बघू, आता लिहून झालंय, स्वल्प दम काढ, असं त्यांनी त्याला सांगितलं. अकराच्या सुमारास तो छताजवळच्या क्रेनच्या रुळाला ग्रीस द्यायला शिडीवर चढला.

"एक रेघ मारायची होती," अण्णा म्हणाले. "एवढीच."

ती दुपार आम्ही काहीच काम केलं नाही. जाताना मी कबूल केलं की फोल्डर मीच पाठवलं होतं, न विचारता. मला वाटलं ते चिडतील. ते म्हणाले, बरं केलीस, मला ते जमलं नसतं. आणि मग म्हणाले की त्याच्या बायकोला हे सांगायला पाहिजे.

ती पीण्याच्याच दुसऱ्या टप्प्यात राहत होती, एका शिवणकामाच्या कारखान्यात जात होती. सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाला आली, एकटी. अण्णांनी मला थांबवून घेतलं होतं, एकट्यानं बोलायचा त्यांना धीर नव्हता. सगळी यंत्रं बंद. सुट्टीच्या दिवशी कारखाना इतका शांत असतो की पत्र्यावरून कावळा चालला तरी ऐकू येतं. तिचं वय माझ्यापेक्षा फार जास्त नसावं. चप्पल बाहेर काढून ती आत आली आणि मी पुढे केलेल्या खुर्चीवर बसायच्या आधीच तिला पडदा दिसला.

तो उभा होता, श्वास घेत. समोर कुणी नव्हतं, मी त्याला एकट्यालाच ठेवलं होतं.

ती रडली नाही. जवळ गेली, वाकून पाहिलं. अण्णा बोलायला लागले. ताप, फाटक, शाई, सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बोलताना ते जमिनीकडे बघत होते, ती पडद्याकडे. अण्णांचं बोलणं संपलं. मग म्हणाली, "ताप मला माहीत होता, अण्णा. रात्रभर मीच कपाळावर पट्ट्या ठेवल्या. सकाळी नको जाऊ म्हणायला पाहिजे होतं. मी डबा भरून दिला."

परदेशातून आलेल्या चित्रांबद्दल अण्णांनी सांगितलं, बघायची आहेत काय विचारलं. तिनं मान हलवली, नको. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "हे असे दिवसभर उभेच असतात?"

अण्णा म्हणाले, "चालू असलं की उभाच, वैनी."

"बसवा की त्यांना. किती वेळ उभं ठेवलाय."

अण्णांनी तिला समजावलं की बसलेली चित्रं नाहीत, त्या दिवशी अंगणात तो बसलाच नाही, कुठून आणणार. ती ऐकत होती. मग तिनं पदर कमरेला खोचला आणि खोलीच्या मधोमध गेली. "असे बसायचे," ती म्हणाली.

ती खाली बसली तसं बाया बसत नाहीत. आधी तिनं उजवा हात गुडघ्यावर टेकला, कमरेतून वाकली, आणि घशातून एक जाड आवाज काढत अंग जमिनीवर सोडलं. एक पाय दुमडलेला, एक गुडघा वर, त्यावर कोपर. मग मान वळवून तिनं आमच्याकडे पाहिलं, जरासं हसत. मी नकळत एक पाऊल मागे सरले. त्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं, फक्त पडद्यावर, आणि तरी मला ते हसू ओळखू आलं.

नेमका तेव्हाच पहारेकरी जिना चढून वर आला, खालचं फाटक लावू का विचारायला. तो दारात थांबला. तिची पाठ त्याच्याकडे होती. काही न विचारता तो मागच्या पावली खाली गेला. पुढे एकदा मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, वर तुम्ही दोघं होता आणि तो होता. बाई आल्याचं त्याला आठवतच नव्हतं, आणि फाटक तर तिच्यासाठी त्यानंच उघडलं होतं.

अण्णांनी मालकांचा कॅमेरा काढला. तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि चित्रण मी केलं. ती चार वेळा उठली आणि चार वेळा बसली. चौथ्या वेळी उठायला तिला वेळ लागला. उठली तेव्हा ती पुन्हा तीच होती, पदर सारखा करणारी. आम्ही चहा मागवला. ती अर्धा कप प्यायली. जाताना तिनं अण्णांना सांगितलं की झालं की कळवू नका, मी बघायला येणार नाही, फक्त बसवा म्हणजे झालं.

अण्णांनी ते काम एकट्यानं केलं. रंगांचं अंग नसलेल्या माणसानं एकेक चित्र ठिपक्या ठिपक्यानं रंगवलं, साडीच्या जागी खाकी, केसांच्या जागी आयुधपूजेच्या व्हिडिओतलं डोकं. नव्या वर्षाचा पहिला आठवडा संपला तेव्हा काम झालं. सन दोन हजार आलं होतं आणि आमचं एकही यंत्र बंद पडलं नव्हतं, पण अण्णांना त्याचं काही नव्हतं. पडण्याची चित्रं त्यांनी ठेवली नाहीत. बसण्याची घातली, आणि नवी प्रत मला पाठवायला सांगितली.

यावर जी पत्रं आली त्यांत बरीच तक्रारीची होती. तो खाकीवाला मध्येच खाली बसतो, लोक लिहीत होते, थोडा वेळ कळा दाबल्या नाहीत की बसतो आणि लवकर उठत नाही, हा दोष दुरुस्त करा. ज्यानं पडण्याची चित्रं काढली होती त्याचंही एक पत्र आलं. त्यानं तक्रार केली नव्हती. हा माणूस कोण आहे एवढंच विचारलं होतं. अण्णांनी मला एकच ओळ लिहायला सांगितली, आमच्या कामावरचा माणूस होता. परत त्याचं पत्र आलं नाही.

त्या उन्हाळ्यात मी नोकरी सोडली आणि नागपूरला परतले. अण्णाही पुढे वर्षभरानं निपाणीला गेले म्हणून ऐकलं. त्यांना मी एक पत्र टाकलं होतं, त्याला उत्तर आलं: प्रकृती बरी, शेतात बोअर मारली, पाणी गोड लागलं. बाकी काही नाही.

घरी आल्यावर मी एकदा ती नवी प्रत लावून पाहिली होती. भर दुपार होती. तो उभा राहिला, श्वास घेतला, आणि थोड्या वेळानं गुडघ्यावर हात टेकून खाली बसला. बसला की तो समोरच्या लढवय्याकडे बघत नसे. कॅमेऱ्यामागे मी होते आणि डोकंही अण्णांनी त्याच दिशेला बसवलं होतं, म्हणून तो पडद्यातून बाहेर बघायचा.

आई वाळलेले कपडे घेऊन मागून जात होती. ती थांबली, पडद्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "या माणसाचे हात बाईचे कसे गं?"

ते चित्रण मी केलं होतं. त्यानंतरही ती चित्रं मी कितीदा तपासली होती. तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं. अण्णांनी बांगड्या पुसल्या होत्या, पण मनगटं तशीच राहू दिली होती.

आई उत्तराची वाट बघत उभी होती. मी सांगायला लागले, आणि तो बसून ऐकत होता.